दिवसभर "सर्व्हर डाऊन आहे" म्हणणारी मी, संध्याकाळी "पीसीबी गेलाय" ऐकणारी मी

खिडकीतली
शुक्रवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज राहवलं नाही म्हणून पहिलाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

मी एका पतसंस्थेत काउंटरला बसते. सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. आज सकाळी साडेदहाला नेट गेलं ते सव्वातीनला आलं. आज नेमका बाजाराचा दिवस. वाड्यावस्त्यांवरून माणसं आलेली, कुणाला मुलाची फी भरायची, कुणाला खताचे पैसे काढायचेत, आणि साडेचारची एसटी गेली की मुक्कामच. "सर्व्हर डाऊन आहे" हे वाक्य मी किती वेळा म्हटलं ते मोजत होते. चाळिसाच्या पुढे नाद सोडला. एकीने तर विचारलं, "डाऊन म्हंजे खाली पडला का? मग उचला की!" बरोबरच होतं तिचं.

नेट आल्यावर दुसरंच. एप्रिलपासून आमच्याकडे नवं सॉफ्टवेअर आलंय. तेव्हापासून काही सभासद नावाने शोधले तर सापडतच नाहीत. खाते क्रमांक टाकला की लगेच येतात. पण पासबुक घरी राहिलेल्या, ऐंशी ओलांडलेल्या माणसाला खाते क्रमांक कुठला पाठ असायला? आज असेच एक आजोबा आले, पतसंस्था सुरू झाल्यापासूनचे सभासद. मी म्हटलं, "आजोबा, तुमचं नाव सिस्टिममध्ये दिसत नाही." ते काचेला नाक लावून म्हणाले, "बाई, मी तर दिसतोय ना?"

घरी आले तर वॉशिंग मशीन अर्ध्यात थांबलेलं. आत भिजलेल्या दोन चादरी, दार लॉक, बाहेर धो धो पाऊस. सात वाजता कंपनीचा मुलगा आला. बावीस-तेवीसचा असेल. दहा मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, पीसीबी गेलाय, म्हणजे आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड. नऊ हजार." आणि मी त्याच्यावर जी तुटून पडले! सहा वर्षांत कसा जातो, तुम्ही मुद्दाम असं बनवता, लुटायला बसलात, सगळं. तो खाली मान घालून ऐकत होता. मधेच त्याने वर पाहिलं आणि मला तो चेहरा ओळखीचा वाटला. दुपारभर काचेआड बसून मी तोच चेहरा केला होता.

तर दोन प्रश्न आहेत. एक, अशा वेळी डोकं ठिकाणावर कसं ठेवता? कामावर आणि घरी, दोन्हीकडे. आणि दोन, त्या न सापडणाऱ्या सभासदांचं काय करू? सॉफ्टवेअरवाले म्हणतात "डेटा बरोबर आहे", आमचे व्यवस्थापक म्हणतात "तू नीट टाइप कर".

---

काडीपेटी
शुक्रवार, रात्री १०:५२

दसऱ्याला मशीनची पूजा केली नव्हती वाटतं.

---

खिडकीतली
शुक्रवार, रात्री १०:५५

केली होती हो. ऑफिसातल्या कॉम्प्युटरचीही केली होती. शिपाईमामांनी सीपीयूच्या जाळीवर इतकं हळदकुंकू वाहिलं की दुसऱ्या दिवशी पंख्यातून लाल धूर.

---

फ्यूजवायर
शुक्रवार, रात्री ११:१०

ताई, मी सांगलीकडचा इलेक्ट्रिशियन. पहिलं काम, पीसीबीला हो म्हणायच्या आधी तीन गोष्टी बघा. मशीनच्या खालच्या बाजूला छोटं झाकण असतं, त्याच्या आत पाणी बाहेर जायची जाळी असते. खाली ताट ठेवून ते हळूच उघडा. नाणं, हेअरपिन, शर्टाचं बटण, लहान मुलाचा मोजा, यातलं काहीतरी निघतंच. दुसरं, नळाकडून येणाऱ्या पाइपच्या तोंडाशी बारीक गाळणी असते, पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की ती चोंदते. तिसरं, प्लग काढून पंधरा मिनिटं थांबा आणि मग लावा. लगेच नको. आतल्या कपॅसिटरमधला करंट उतरायला वेळ द्यायचा.

एवढं करून नाही चाललं तर मात्र बोर्डच गेला समजा. पावसाळ्यात बोर्ड जायचं सगळ्यात मोठं कारण माहितीये का? पाल. उबेला आत शिरते, बोर्डावरच्या दोन ट्रॅकवर, म्हणजे तांब्याच्या पट्ट्यांवर, एकदम पाय ठेवते, संपलं. पालही आणि बोर्डही. मी आजवर इतक्या पाली काढल्यात की बायको म्हणते, पाटीवर "पाल निवारण केंद्र" लिही.

दुसरं कारण आपल्या हातात नसतं, पण ओळखता आलं पाहिजे. घरातले दिवे अचानक जास्त लखलखीत झाले, पंखा न वाढवता पळायला लागला, तर "आज व्होल्टेज चांगलंय" म्हणून खूश होऊ नका. पळत जाऊन मेन स्विच पाडा. बाहेर कुठेतरी न्यूट्रल, म्हणजे वीज परत जायची तार, तुटलेलं असतं. न्यूट्रल गेलं की २३० च्या जागी घरात ३००, ३५०, कधी ४०० पर्यंत व्होल्ट येतात. एका घरात दिवे मिणमिणतात आणि शेजारच्या घरात टीव्ही जळतो, दोन्हीचं कारण तेच. दोन वर्षांपूर्वी एका गल्लीत अकरा घरांचे सेट-टॉप बॉक्स एका रात्रीत गेले. बाराव्या घरातल्या आजी जाग्या होत्या, त्यांनी मेन पाडला होता.

डोकं ठिकाणावर ठेवण्याबद्दल विचाराल तर, मी गिऱ्हाइकाच्या घरात शिरलो की आधी पाणी मागतो. तहान नसली तरी. पाणी आणायला माणूस आत जातो, तेवढ्यात त्याचा राग अर्धा होतो.

---

हिंजवडीकर
शुक्रवार, रात्री ११:४८

धागा काळजाला भिडला. मी सपोर्टला आहे, म्हणजे शिव्या खाण्याचाच पगार घेतो.

१९ जुलै २०२४ आठवतोय? तोही शुक्रवारच होता. सकाळी पावणेदहाच्या सुमारास एका सुरक्षा सॉफ्टवेअरचं सदोष अपडेट जगभर गेलं आणि विंडोजची मशीनं निळी पडायला लागली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, त्यांचे फोटो सगळीकडे फिरत होते. गंमत म्हणजे चूक ७८ मिनिटांत मागे घेतली गेली होती. पण जी मशीनं तोवर पडली ती चालूच होत नव्हती, मग दुरुस्ती त्यांच्यापर्यंत नेटवरून पोचणार कशी? प्रत्येक मशीनसमोर कुणीतरी बसून, सेफ मोडमध्ये जाऊन, एक फाइल उडवायची, एवढाच उपाय. आणि डिस्क कुलूपबंद असेल तर त्याआधी ४८ आकडी किल्ली टाकायची. सहा-सहा आकड्यांचे आठ गट.

आमच्या कंपनीच्या नागपूर शाखेत त्या दिवशी अकाउंट्समधल्या एक काकू एकट्याच होत्या. मी पुण्यातून फोनवर आकडे सांगतोय, त्या परत वाचून खात्री करतायत. मी म्हणतो, "सेव्हन नाइन". त्या म्हणतात, "एकोणऐंशी". मी इंग्लिश मीडियमचा. मला एकोणऐंशी म्हणजे ८९ वाटले. मी म्हटलं, "नाही नाही, चूक!" त्यांनी खोडून पुन्हा टाकलं. तीनदा. चौथ्यांदा काकू शांतपणे म्हणाल्या, "बाळा, तुला पाढे येत नाहीत का रे?"

फोन म्यूट करून मी इतका हसलो की शेजारचा घाबरला. नंतर संध्याकाळपर्यंत काकूंनी मला एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस सगळे घोकून दिले आणि आम्ही दोघांनी मिळून चौदा मशीनं उठवली. त्या दिवशी त्या माझ्यावर ओरडल्या असत्या तर पहिलंच मशीन रात्री आठला उठलं असतं. मला तेव्हापासून ओरडणाऱ्या माणसाला किल्ली सांगताना हमखास आकडा चुकतो, हा अनुभव आहे.

एक छोटी सूचना. घरच्या फायबर इंटरनेटच्या डब्यावर एलओएस नावाचा दिवा असतो. तो लाल लुकलुकत असेल तर डबा बंद-चालू करत बसू नका. बाहेर तार तुटलीय किंवा उंदराने खाल्लीय. तो शांत असेल आणि तरी नेट नसेल तरच बंद-चालू करून बघा. अर्धा राग चुकीच्या गोष्टीवर मेहनत केल्याने येतो.

---

चहाबाज
शनिवार, सकाळी ७:२०

"बाळा, तुला पाढे येत नाहीत का" याला दंडवत.

माझा किस्सा लहान आहे. १२ एप्रिल २०२५, शनिवार. देशभर यूपीआय अडकलं त्या दुपारी मी मिसळ खाऊन, वर ताक पिऊन, फोन हलवत गल्ल्यासमोर उभा. खिशात रोख शून्य. मालकांनी ड्रॉवरमधून वही काढली, माझं नाव आणि "९५" लिहिलं, म्हणाले "जा, उद्या या". माझ्याआधी त्या पानावर सव्वीस नावं होती. संध्याकाळी जाऊन दिले, तेव्हा वहीत माझ्या नावावर काट मारताना ते म्हणाले, "तुम्ही एकविसावे." उरलेल्या सहांचं काय झालं ते विचारायचं धाडस झालं नाही.

---

निवृत्त_नाना
शनिवार, सकाळी ८:०५

बँकेत ३४ वर्षं काढली. धागाकर्तीबाई, तुमची खिडकी मला चांगली ठाऊक आहे.

लोक म्हणतात, पूर्वी लेजर, म्हणजे हाताने लिहायच्या खातेवह्या, होती तेव्हा बरं होतं. मी म्हणत नाही. तेव्हाही सर्व्हर डाऊन व्हायचा, फक्त त्याला आम्ही "टॅली लागत नाही", म्हणजे हिशेब जुळत नाही, म्हणायचो आणि तो रात्री अकरापर्यंत डाऊन असायचा. सहामाहीला चार माणसं मोठमोठ्याने आकडे वाचत बसायची. आमच्या हेडक्लार्कांनी पहिल्या दिवशी एक युक्ती शिकवली होती. फरकाला नऊने भाग जातो का बघ. गेला, तर कुणीतरी आकड्यांची अदलाबदल केलीय. ७२० चे २७० लिहिले तर फरक ४५०. नऊने भाग जातो. मग संपूर्ण लेजर शोधायचं नाही, अदलाबदल होऊ शकेल अशाच नोंदी शोधायच्या. बिघाडाने त्रास होतोच, पण कुठे बघायचं हेच कळत नसलं की माणूस खचतो. हिंजवडीकरांनी लाल दिव्याचं सांगितलं ते म्हणूनच पटलं.

आता कामाचं. एटीएममधून पैसे आले नाहीत पण खात्यातून गेले, किंवा यूपीआय फसलं, तर हातघाईवर येऊ नका. रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. एटीएमचे पैसे व्यवहारानंतर पाच दिवसांत परत यायला हवेत. यूपीआयने एकाने दुसऱ्याला पाठवलेले आणि पलीकडे न पोचलेले दुसऱ्या दिवसापर्यंत, दुकानदाराला दिलेले पण त्याला न मिळालेले पाच दिवसांत. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि ती ग्राहकाने न मागता द्यायची आहे. व्यवहाराचा क्रमांक लिहून ठेवा, लेखी तक्रार करा, ३० दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तराने समाधान नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जा. (खिडकीतलीबाई, हे बँकांचं. पतसंस्था सहकार खात्याखाली येतात, त्यामुळे तुमच्या काउंटरवर कुणी हे परिपत्रक आपटलं तर घाबरू नका.)

आणि एक कळकळीची विनंती. चिडलेल्या अवस्थेत इंटरनेटवर "कस्टमर केअर नंबर" शोधू नका. चोर तिथेच जाळं लावून बसतात. आमच्या सोसायटीतल्या एका शिक्षकांनी असाच नंबर लावला, पलीकडच्या गोड बोलणाऱ्याने "स्क्रीन दिसू दे सर" म्हणून एक ॲप टाकायला लावलं आणि खात्यातले एकसष्ट हजार गेले. नंबर पासबुकावरचा, कार्डाच्या मागचा किंवा कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरचाच घ्यायचा. फसलात तर लाजत बसू नका, तत्काळ १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

---

डलासवाली
शनिवार, सकाळी ९:३०

नाना, खूप उपयोगी. वाचनखूण साठवली.

मी घरची दूरस्थ सपोर्ट इंजिनियर. मी डलासला, आईबाबा कोथरूडला. माझे रात्रीचे साडेदहा म्हणजे त्यांचे सकाळचे नऊ, आणि आमचा रोजचा कॉल "अगं ते गेलं" ने सुरू होतो. काय गेलं ते कधीच कळत नाही. व्हिडिओ कॉलवर फोनचा बिघाड दाखवायचा म्हणजे ज्या फोनचा बिघाड त्यानेच कॉल केलेला. "बाबा, वर उजवीकडे तीन टिंबं दिसतात का?" "दिसतात." "ती दाबा." "दाबली." "काय आलं?" "तू गेलीस."

गेल्या नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याचं प्रकरण झालं. बाबांचा अंगठा मशीनवर उमटेना. वय ८१, रेषा पुसट झालेल्या. तीन ठिकाणी जाऊन आले, तिन्ही ठिकाणी "परत लावा, दाबून लावा, पुसून लावा". घरी येऊन आईला म्हणाले, "मी जिवंत आहे याला अंगठा साक्ष देत नाही." हसत म्हणाले, पण तो दिवसभर जेवले नाहीत नीट.

ज्यांच्या घरी वडीलधारे पेन्शनर आहेत त्यांनी ऐका. जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा डिजिटल दाखला, २०१४ पासून आहे, पण नोव्हेंबर २०२१ पासून त्यात चेहऱ्याने दाखला देता येतो. अंगठा लागतच नाही. साधा अँड्रॉइड फोन पुरतो, फक्त चेहरा ओळखायचं आधारचं ॲप आणि जीवन प्रमाणचं ॲप, दोन्ही टाकावी लागतात. आमच्याकडे तेही पहिल्या सहा वेळा फसलं, कारण बाबा खिडकीकडे पाठ करून बसायचे. उजेड तोंडावर हवा. आणि पापणी मिटायला सांगतं तेव्हा मिटायची. बाबा फोटोग्राफरसमोर बसल्यासारखे डोळे ताणून बसलेले! शेवटी आईने समोर उभं राहून "मिटा" म्हटलं आणि झालं. केंद्र सरकारचे ८० च्या वरचे पेन्शनर १ ऑक्टोबरपासूनच दाखला देऊ शकतात, गर्दीच्या आधी उरकून घ्या.

राग आला की मी काय करते? काही नाही, कॉल ठेवते, भांडी घासते, परत लावते. पण एक नियम केलाय, "सोप्पं तर आहे" हे शब्द आईबाबांशी बोलताना वापरायचे नाहीत. ते ऐकलं की समोरच्याला आपण मठ्ठ आहोत असं वाटतं आणि मग ते खोटंच "हो हो कळलं" म्हणतात.

---

तिकीट_पंच
शनिवार, दुपारी २:१५

मी कंडक्टर. घाटातली गाडी. माझं तिकिटाचं मशीन वर्षातून पाच-सहादा तरी मान टाकतं, आणि नेमकं गाडी गच्च भरलेली असताना. वरून घाटात रेंज नाही, म्हणजे क्यूआर दाखवणारे पण हात वर करून उभे.

अनुभवाने एक शिकलो. मशीन बंद पडलं की लपवायचं नाही. मी दोन पायऱ्या वर चढतो आणि मोठ्याने सांगतो, "मशीन मेलंय. आता छापील तिकिटं देणार. वेळ लागेल. सुट्टे काढून ठेवा. ज्याला भांडायचंय त्याने ड्रायव्हरशी भांडा, तो रिकामा आहे." गाडी हसते. मग कोण भांडत नाही. पूर्वी मी गपचूप बटणं दाबत बसायचो तेव्हा प्रत्येक बाकावर वेगळं भांडण व्हायचं.

ताई, तुम्ही चाळीस वेळा चाळीस जणांना सांगितलं. एक पाटी लावा की बाहेर. "नेट १०:३० ला गेलं. तक्रार केली आहे. पुढची माहिती १२ वाजता इथेच लिहू." आणि बाराला काही नवीन नसलं तरी बाहेर येऊन तेच लिहायचं, "अजून नाही". लोकांना थांबायचं दुःख नसतं. एसटी धरायची का थांबायचं, ते ठरवता येत नाही म्हणून चिडतात.

---

काडीपेटी
शनिवार, दुपारी २:२२

ड्रायव्हरचा आयडी आहे का इथे? त्यांची बाजू ऐकायची आहे.

---

बोरूबहाद्दर
शनिवार, दुपारी ४:४०

सर्वजण मनःशांतीच्या मागे लागल्यामुळे धागाकर्तीचा दुसरा प्रश्न वाऱ्यावर सुटला आहे. माझी उभी हयात अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात मराठी अक्षरजुळणीत गेली, म्हणून विचारतो. जे सभासद नावाने सापडत नाहीत, त्यांची आडनावं काय? खरी देऊ नका, त्याच वळणाची द्या.

---

खिडकीतली
शनिवार, सायंकाळी ५:०५

काका, खरी देत नाही, पण साधारण अशी: कुऱ्हाडे, बिऱ्हाडे, गोऱ्हे, वऱ्हाडे. हां, आणि नावात "दुसऱ्या" शब्द असलेला एक बचत गटही सापडत नाही. जाधव, शिंदे, भोसले सगळे येतात.

---

बोरूबहाद्दर
शनिवार, सायंकाळी ५:३१

वाटलंच! बाई, तुम्ही नीट टाइप करता. व्यवस्थापकांना माझा नमस्कार सांगा आणि सांगा की दोष त्या अर्ध्या र चा आहे.

जरा विस्ताराने सांगतो. तुमची जुनी नोंदणी बहुधा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये होती. (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला सगळ्या मशीनवर एकच क्रमांक देणारी पद्धत.) ते फॉन्ट म्हणजे सोंग होतं. आत इंग्रजी अक्षरं, वरून मराठीचा मुखवटा. फॉन्ट काढला की सोंग उघडं पडायचं. कृतिदेव नावाच्या अशाच फॉन्टमध्ये टाइप केलेला "मराठी" हा शब्द फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडला की ई, जे, के, मोठा बी, एच अशी पाच इंग्रजी अक्षरं दिसतात. एकदा एका लग्नपत्रिकेची फाइल अशी दुसऱ्याच्या मशीनवर उघडली आणि वधूपिता खुर्चीतच बसले. असो.

नवं सॉफ्टवेअर आलं तेव्हा तो मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणला असणार. इथे मेख आहे. मराठीत "कुऱ्हाड", "दुसऱ्या" यांतला र डोक्यावर रफार होऊन बसत नाही, आडवा होऊन पुढच्या अक्षराला बिलगतो. हा आडवा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, नुक्त्याचा ऱ घेऊन त्याला हलन्त. दोन, साधा र, हलन्त, आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारा एक जोडक, त्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात. कागदावर दोन्ही तंतोतंत सारखे. संगणकाच्या लेखी मात्र ही दोन वेगळी माणसं.

हे घ्या दोन नमुने: कुऱ्हाडे आणि कुर्‍हाडे. दिसतोय फरक? नाही दिसणार. आता दोन्ही एक्सेलच्या दोन चौकटींत चिकटवा आणि अक्षरं मोजायचं सूत्र लावा.

कन्व्हर्टरने बहुधा जोडकवाला र घातला आहे आणि तुम्ही इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून नुक्त्याचा ऱ देता. म्हणून संगणक आजोबांना ओळखत नाही. सॉफ्टवेअरवाल्यांचा "डेटा बरोबर आहे" हा दावाही खोटा नाही, हे दुर्दैव.

तूर्त उपाय: अर्धा र टाळून उरलेला भाग शोधा. "हाडे" टाका. सॉफ्टवेअर मधला तुकडा शोधू देत असेल तर त्या वळणाचे सगळे बाहेर येतील. कायमचा उपाय सॉफ्टवेअरवाल्यांनी करायचा, संपूर्ण नोंदणीत आडवा र एकाच पद्धतीचा करून. त्यांना हा प्रतिसाद जसाच्या तसा पाठवा.

---

हिंजवडीकर
शनिवार, सायंकाळी ५:५०

करून बघितलं. पहिल्याचे ८, दुसऱ्याचे ९! काका, बारा वर्षं कोड लिहितोय आणि माझ्या आईचं माहेरचं आडनाव याच जातीचं आहे, तरी हे माहीत नव्हतं. मागे गावच्या मतदारयादीत मामा सापडत नव्हते तेव्हा मी त्यांनाच म्हटलं होतं, तुम्ही नाव नोंदवलं नसेल.

---

डलासवाली
शनिवार, सायंकाळी ६:१०

इथे आमचं तर आडनावच कुणी नीट उच्चारत नाही, पण हे ऐकून बरं वाटलं की तिकडेही संगणक अडखळतो.

---

फ्यूजवायर
शनिवार, रात्री ९:३०

बोरूकाका, पालीपेक्षा भारी आहे तुमचा र.

ताई, मशीनची जाळी बघितली का?

---

खिडकीतली
मंगळवार, रात्री ९:१५

उशिरा लिहितेय, सोमवारी दम नव्हता.

आधी मशीन. जाळी उघडली. दोन रुपयांचं नाणं, एक सेफ्टीपिन आणि मुलीचा हरवलेला कानातला निघाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मशीन मात्र चालू झालं नाही. काल तोच मुलगा पुन्हा आला, बोर्ड उघडून दाखवला. आत पाल. चपटी, काळी ठिक्कर. तो खरंच बोलत होता. मी सॉरी म्हटलं, तर त्याला काय बोलावं सुचेना. चहा विचारला, नको म्हणाला, अजून चार कंप्लेंटी बाकी होत्या. पाणी मात्र प्यायला.

ऑफिसात सोमवारी उघडल्या उघडल्या "हाडे" टाकलं. बोरूकाका, नऊ सभासद एका रांगेत आले! मग "ऱ्हे" वाल्यांसाठी नुसतं "गो" टाकून खाली सरकत गेले, तेही सापडले. एक कागद करून काउंटरच्या आतून चिकटवलाय, आडनाव आणि त्यासमोर काय टाइप करायचं ते. व्यवस्थापकांना दोन्ही नमुने एक्सेलमध्ये दाखवले. ते बराच वेळ ८ आणि ९ कडे बघत राहिले. सॉफ्टवेअरवाल्यांना तुमचा प्रतिसाद पाठवलाय, उत्तर आलंय, "तपासतो".

आजोबांना निरोप धाडला होता, ते आज आले. स्क्रीन त्यांच्याकडे वळवून नाव दाखवलं. चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून वाचलं. म्हणाले, "मग इतके दिवस कुठं होतो मी?" अर्ध्या र ची गोष्ट सांगायचा प्रयत्न केला, तर म्हणाले, "शाळेत मास्तर पण माझ्या नावाला तिथंच अडखळायचे."

पाटीही केली. तिकीट_पंच दादा, सोमवारी वीस मिनिटं नेट गेलं होतं तेव्हा लावली. एका बाईने वाचली आणि विचारलं, "बारा वाजता लिहिणार म्हंजे बारालाच येणार का नेट?" म्हणजे पाटीतला मजकूर बदलावा लागेल.

---

निवृत्त_नाना
मंगळवार, रात्री ९:४०

"पुढची माहिती" ऐवजी "काय झालं ते" असं लिहा. "बारा वाजता काय झालं ते इथे लिहू."

---

फ्यूजवायर
मंगळवार, रात्री १०:०२

ताई, नऊ हजार दिलेत तर जुना बोर्ड मागून घेतलात का? घ्यायचा असतो. आमच्याकडे असे बोर्ड दुरुस्त करणारे आहेत, ट्रॅक जोडून हजार-बाराशेत चालू करून देतात. दुसऱ्यांदा गेला तर कामाला येतो.

---

खिडकीतली
मंगळवार, रात्री १०:०६

अरे देवा. नाही मागितला. तो म्हणाला "हा घेऊन जाऊ का?" आणि मी पालीकडे बघून म्हटलं, लवकर ने बाबा.